गुलाबी झाली तर गॅलरी

अकरा नोव्हेंबर. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ, वारा नाही... आणि वारा नव्हता हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर आमच्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, "वाऱ्याने पडलं असेल." कसला वारा! पान हलत नव्हतं! आमच्या गॅलरीच्या पोटातून ताटाएवढा सिमेंटचा पोपडा सुटला आणि पडला कुठे, तर सेक्रेटरींच्याच स्कूटरच्या सीटवर. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण या गृहस्थांनी उभ्या उभ्या गॅलरीला फाशी सुनावली. "कापून टाकू. मुळापासून. भिंत कशी सपाट दिसेल!"

सपाट! अहो, तुम्हाला सांगतो, ती गॅलरी म्हणजे आमच्या दादांचं घर आहे. उरलेलं घर आमचं. दादा माझे थोरले भाऊ. जन्मभर बस चालवली, आता गुडघे गेलेत, तिसरा मजला, लिफ्ट नाही... खाली उतरायचं नावच नको. सकाळी चहा घेऊन गॅलरीत खुर्चीत बसले, की गल्लीचा कारभार सुरू. खाली कुणी गाडी लावायला आला रे आला, की वरून आवाज, "घे मागे... अजून... अजून... भितोस काय, मी आहे ना... बास!" लोक आरशात बघत नाहीत हो आता, वर बघतात! आणि दादांनी सांगून टाकलं, "गॅलरी गेली तर मी धाकटीकडे जातो. तिच्या घराला ओटा आहे." धाकटी म्हणजे आमची बहीण. दोघांनाही स्टिअरिंग आपल्याच हातात लागतं. आठ दिवसांत एक जण ओट्यावरून खाली आला असता, आणि तो दादाच असता.

मग कुणीतरी म्हणालं, कापण्याआधी त्या बाईंना दाखवा. इंजिनीअर आहेत, आजारी सिमेंटच बघतात. आजारी सिमेंट! मला वाटलं चेष्टा करतोय. तर आल्या. पायात बूट, खांद्याला झोळा, आणि बोलणं असं, की मला 'या' म्हणायलाही फट सापडेना. आधी गॅलरीखाली टेकू लावायला लावले, दादांची खुर्ची उचलून दाराच्या आत ठेवली. "आजोबा, इथून पुढे पाय टाकायचा नाही." आजोबा! आणि दादांनी पाय मागे घेतला! आयुष्यात पहिल्यांदा!

मी आपलं दाखवायला लागलो, की बघा, भेग ही इथे, ओल ही इथे... तर बाईंनी झोळ्यातून छोटी हातोडी काढली आणि म्हणाल्या, "नुसतं बघू नका, ऐका!" आणि ठोकायला लागल्या. टण्. टण्. टण्. हे निरोगी. टण्. टण्... बद्. "ऐकलंत? आत पोकळ." अहो, मी त्या गॅलरीत इतकी वर्षं कपडे वाळत घातले, मला कधी हा बद् ऐकू आला नाही! रंग लावलेला, गुळगुळीत, वरून काय, छानच! बाई म्हणाल्या, आत सळी गंजते, गंज सळीपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, जागा मिळाली नाही की सिमेंट ढकलून देतो. सेक्रेटरींच्या सीटवर पडला तो पोपडा वाऱ्याने नाही, गंजाने ढकललेला!

"मग कापायचीच ना?" सेक्रेटरी खुशीत.

"त्याचा निकाल मी नाही, मूळ देईल," बाई म्हणाल्या. सेक्रेटरी घड्याळ बघत कामाला निघून गेले. आणि भिंतीला लागून, अगदी आमच्या दारात, लादी काढून त्यांनी सळीपर्यंत सिमेंट फोडलं. गॅलरीचा सगळा भार म्हणे तिथल्या सळ्यांवर. फुंकणीने धूळ उडवली आणि एका बाटलीतलं पाण्यासारखं औषध फवारलं... आणि अहो, डोळ्यांदेखत ते राखाडी सिमेंट गुलाबी झालं! बाई म्हणाल्या, चांगल्या सिमेंटच्या अंगात क्षार असतो, त्या क्षारात सळीला गंज चढत नाही. बाहेरची हवा मुरत मुरत तो क्षार संपवते. क्षार शिल्लक असेल तर गुलाबी, संपला असेल तर रंगच नाही. सळीभोवती गुलाबी म्हणजे मूळ जिवंत, गॅलरी वाचवायची. रंग नाही म्हणजे कापायची. "उद्या सेक्रेटरींच्या समोर बघू आणि ठरवून टाकू," म्हणाल्या आणि गेल्या. त्या रात्री दादा दोन पोळ्या जास्त जेवले.

आता ऐका. आमची ही. घर असं ठेवते, की झुरळसुद्धा पाय पुसून आत येईल. दुसऱ्या दिवशी माणसं येणार, आणि दारात हा एवढा गुलाबी डाग! साबणाने जाईना. मग हिने काय केलं असेल? न्हाणीघर घासायचं ॲसिड आणलं! ओतलं, फसफसलं, घासलं, धुतलं... डाग साफ! मला दाखवलं पण. "बघा, नावालासुद्धा राहिला नाही." आणि मी काय म्हणालो? "वा!" म्हणालो!

सकाळी बाई आल्या, सेक्रेटरी आले, दादा खुर्चीत पुढे सरकून बसले. बाईंनी फवारलं. काही नाही. पुन्हा फवारलं. राखाडी ते राखाडीच! सेक्रेटरींनी हात झटकले. "संपलं! कापा!" दादांनी मला खूण केली, की माळ्यावरची बॅग काढ. मी स्टूल आणायला वळलोसुद्धा.

पण बाई हलल्या नाहीत. गुडघ्यावर बसल्या, वाकल्या, आणि... वास घेतला! जमिनीचा! मान वर करून म्हणाल्या, "ॲसिड कुणी ओतलं?"

"मी," ही म्हणाली. "डाग तसाच ठेवायचा? चार माणसं येणार घरात!"

"अहो वहिनी, ॲसिडने क्षार मारला तुम्ही! सिमेंट खातं ते, सळीही खातं!"

"मग बाटलीवर लिहायचं ना तसं!"

बाई हसल्या हो! खरंच हसल्या, बादलीभर पाण्याने जागा धुतली, कोरडी केली आणि छिन्नी घेतली. वरचा मेलेला थर काढून आतलं ताजं सिमेंट बघायचं. ठोक, ठोक. आणि मागून दादा, भीतीनेच असेल, "अजून... अजून..." बाई म्हणाल्या, "आजोबा, इथे ड्रायव्हर मी आहे." ठोक, ठोक. धूळ उडवली. फवारलं. सगळे वाकले, सेक्रेटरीसुद्धा.

आधी कडेला. मग सळीच्या खाली. मग सळीभोवती सगळीकडे. गुलाबी... गुलाबी!

"बास," दादा म्हणाले. इतक्या हळू, की गल्लीत कुणाला ऐकू गेलं नसेल.

मग जे काम चाललं ते काय वर्णू! खाली परांची बांधली, पोकळ तेवढं सगळं फोडलं. सळ्या घासल्या तर अशा, की पाठीमागूनसुद्धा चकचकीत. मी म्हणालो, मागून कोण बघतंय? बाई म्हणाल्या, "गंज." सळ्यांना गंज रोखणारा लेप, त्यावर नवं-जुनं चिकटवणारा लेप, मग खास गिलावा. आणि उरलेल्या जुन्या सिमेंटवर ब्रशने एक औषध लावलं, ते म्हणे आपणहून मुरत मुरत सळीपर्यंत जातं आणि तिला धरून बसतं. वरून लावायचं आणि आत आपला पत्ता शोधत जातं! आमच्या घरी आलेला प्लंबर मजला चुकतो हो! शेवटी बाई पुन्हा हातोडी घेऊन फिरल्या, मला म्हणाल्या, "नुसतं बघू नका, ऐका!" टण्. टण्. टण्. टण्... मी डोळे मिटून ऐकलं. असं ऐकलं, जसं कधी गाणंसुद्धा ऐकलं नसेल.

गॅलरी राहिली. दादा राहिले. खुर्ची परत जागेवर. सेक्रेटरी स्कूटर आता समोरच्या बाजूला लावतात, दादांच्या सूचनेनुसार. ॲसिडची बाटली बाईंच्या हुकमावरून घराबाहेर गेली. ही म्हणाली, साबणाने तिच्या मनासारखं निघत नाही, ती घासणार नाही. न्हाणीघर मी घासतो. साबणाने.