अकरा मोळ्या

—तिथं नका बसू सायेब, तो दगड चुलीचा हाय, पँटले काजळी लागन. इकडं या, लिंबाखाली. चहा घ्या, टपरीवरून आणला—आता शाळेत पाणीही गरम होत नाही. तुम्ही जिल्ह्याहून आले, शाळेचा धूर कमी झाला का ते पाहाले, आन् पाहून काय राह्यले तर थंड चूल. झाला कमी. लिहा.

हो, मीच इंद्रभान, शिपाई. हेडसरांनी सांगितलंच असन, त्याच्या बोलण्यावर जाऊ नका म्हणून—सांगितलं ना? ते काही खोटं नाही. बीटी कापसाचं बियाणं पहिल्यांदा आलं त्या वर्षी आमची पऱ्हाटी एवढी वाढली का मी शिडी लावून बोंडं वेचली, आन् वरच्या फांदीवरून मले मलकापूरची रेल्वे दिसे. धामणगाव बढ्याच्या बाजारात कोनालेही विचारा—इंद्रभानचं बोलणं म्हणजे सुपात घ्यायचं, निम्मं पाखडून टाकायचं, मंग ऐकायचं. मोठ्या माणसाले हे ठाऊक असते. लेकराले कोन सांगते?

तर सारिका मॅडमनं सातवीच्या लेकराईले काम देलं—आपली शाळा वर्षभरात किती धूर सोडते ते मोजा, मंग तो कमी करू. गुणाचं काम. पोट्ट्याईनं बल्ब मोजले, पंखे मोजले, मास्तराईच्या मोटरसायकली मोजल्या—नऊ मास्तर, नऊ गाड्या, आन् रस्ता एकच. एका गाडीवर दोघं दोघं या म्हणलं, तर दोन दिवस आले. तिसऱ्या दिवशी कोनाले लवकर जायचं होतं, कोनाचा सासरा आजारी. मंग राह्यली खिचडीची चूल. चुलीत आम्ही पऱ्हाटीच जाळायचो—कापूस निघाला का वावरातल्या वाळल्या काड्या उपटायच्या, मोळ्या बांधून आणायच्या. अकील मिस्त्रीची मलिहा, मोठी चुणचुणीत पोरगी, वही घेऊन माझ्यापुढं बसली. म्हणे, "इंद्रभानमामा, रोज किती मोळ्या लागतात?"

तीन लागत. खरं सांगतो, तीन. पण ती पोरगी पेन्सिलीले टोक करून बसलेली—आन् सायेब, पन्नास वर्षांत माझं बोलणं कोनी लिहून घेतलं नव्हतं. मी म्हणलं, अकरा. थंडीत बारा. तिनं लिहिलं. मी म्हणलं, धूर असा का वरून जाणारी घार खोकत खोकत खाली बसते. तिनं तेही लिहिलं. मॅडमनं वही तपासली तवा घार खोडली. अकरा राह्यले.

लेकराईनं तक्त्यावर उपायही काढला होता—धूर वर नेणारं नळकांडं, काड्या कमी खाणारी चूल, माती गावची, बांधणार मलिहाचा बाप, तोही फुकट. तक्ता वर गेला, आन् वरून काय आलं? रोज अकरा मोळ्या म्हणजे लय धूर, चूलच बंद. शाळेले 'धूरमुक्त शाळा' म्हणून हिरवी पाटी, आन् खिचडी तालुक्याहून टेम्पोत. रोज वीस किलोमीटर यायचं, वीस जायचं. त्या टेम्पोचा धूर कोनाच्या वहीत? तिकडच्या शाळेच्या वहीत असन.

आन् पऱ्हाटी काय जळायची राह्यली? गुलाबी अळी पडली तवा शेतकी सायबाईनंच सांगितलं, काड्या वावरात ठेवू नका, अळी त्यात दडून बसते. साऱ्यांनी बांधावर ढीग घालून पेटवल्या. धूर तेवढाच, सायेब. फक्त त्याच्यावर कोनाचं जेवण शिजलं नाही.

कोन, सिंधूताई? ती रांधे ना, चौदा वर्षं. आता घरी हाय. वेचणीले गेली असती, पण वेचाले कापूस कुठं हाय? बोंड फोडलं का आत अळी. तिले वाटते, मलिहानं घात केला. ती पोरगी परवा दारात येऊन माफी मागून राह्यली होती, हिनं दार लावून घेतलं. मी आतच होतो—म्हणजे, भावानं बहिणीच्या घरी जाऊ नये का? हो, सख्खी. सांगितलं नव्हतं? राह्यलं असन. बायको गेल्यापासून दोन घास तिथंच खातो मी. पोरगी बाहेर रडत होती, आन् मी तांदळातले खडे निवडत होतो. दिवसभर एवढा बोलतो मी.

मंग हेडसराले सांगितलं. ते म्हणले, इंद्रभान, काल अकरा, आज तीन, उद्या म्हणशील खिचडी उन्हातच शिजे. सारिका मॅडम खाली पाहून म्हणाल्या, कागद जिल्ह्याले गेला, आता तिकडून कोनी आलं तर त्याईले सांगा. तुम्ही आले. तर लिहा ना—रोज तीन मोळ्या, शिपायानं चुकीचं सांगितलं होतं. माझं नाव घाला. सही करतो. आन् लेकराईनं काढलेली ती चूल एकदा पाहा, ती बांधू द्या, मंग सिंधू—

काऊन हसून राह्यले?

नाही, हे नाही पाखडायचं. तीन म्हणलं मी. तीन.

…बरं. ठेवा तो पेन खिशात. कप तिथंच ठेवा, चुलीवर, कोनी काही म्हणणार नाही. आन् तुमची गाडी काढा फाटकातून—टेम्पो आला, लेकरं भुकेली हायत.