गार तारे

मुलांना शिकवायचं ते खरं तेवढंच शिकवायचं, असं मलाही वाटायचं, बरं का. जयनगरच्या आमच्या प्लेस्कूलमध्ये अंतराळाचा आठवडा होता. पोरांनी चमकीच्या कागदाचे तारे केले आणि मी रचलेलं गाणं टाळ्या वाजवत म्हटलं, "तारा म्हणजे आगीचा गोळा!" सगळी नुसती किंचाळत होती. चार वर्षांची ईरा तेवढी गप्प. बघते तर तिनं आपला तारा पाण्याच्या बाटलीत कोंबलेला.

"अगं, भिजला ना तो!"

"मिस, आई तारा झालीय. अप्पा म्हणाले. तिला भाजत असेल ना?"

तिला न्यायला आलेल्या अप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना, मी हे सांगितलं. मान वर न करता ते आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "मिस, गाणं स्वल्प बदला हो."

तेव्हापासून आमच्या वर्गात तारे गार असतात. हसायचं तर हसा.