बासष्ट जणांना न दिसलेली वाट

आजच्या सभेचं अध्यक्षपद भूषवणारे आणि आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या मुंबई शाखेचे आधारस्तंभ आदरणीय सखारामभाऊ. व्यासपीठावर त्यांच्या उजव्या हाताला बसलेले सरपंच सुहासराव. ज्यांच्यासाठी आपण मे महिन्याच्या उकाड्यात इस्त्रीचे कपडे घालून बसलो आहोत ते सत्कारमूर्ती, सौर प्रकल्पाचे इंजिनिअर विनीत इंगळेसाहेब. सुट्टीला आलेले मुंबईकर. कुठेच न गेलेले गावकरी. सड्यापलीकडच्या बौद्धवाडीतून वळसा न घालता वेळेवर आलेली मंडळी. आणि मागच्या दाराशी मासळीच्या पाट्या झाकून बसलेल्या, निम्म्या सभेचं लक्ष जिच्याकडे आहे त्या मिरकरवाड्याच्या सावित्रीमावशी. आपणा सर्वांना या शाळेच्या एका मराठीच्या मास्तराचा नमस्कार.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. हा माईक जनरेटरवर चालू आहे. वर सड्याच्या कातळपठारावर पन्नास मेगावॅट वीज तयार होते आणि सड्याखालच्या शाळेत समारंभाला जनरेटर आणावा लागतो, यात विनीतरावांचा काही दोष नाही. कोयनेच्या पाण्यावर पोफळीला पहिल्यांदा वीज तयार झाली, तेव्हा आमच्या आजोबांनी ती बातमी कंदिलाच्या उजेडात वाचली होती. वीज आपल्या जिल्ह्यात जन्माला येते आणि आपल्या पोरांसारखी कळती झाली की मुंबईला जाते. फरक इतकाच, की पोरं गणपतीला परत येतात.

सत्कारमूर्तींचा परिचय करून देण्याचं काम माझ्याकडे आहे. विनीतराव मूळचे अकोल्याचे. तीन वर्षांपूर्वी जूनच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीने त्यांना इथे पाठवलं. सौरऊर्जेच्या माणसाला कोकणात जूनमध्ये पाठवणाऱ्याचा सत्कार कोणी करायचा, हा वेगळा विषय आहे. अकरा दिवस त्यांना सूर्य दिसला नाही. बाराव्या दिवशी छत्री उलटी झालेल्या अवस्थेत ते सड्यावर उभे होते, तेव्हा समोरून डोक्यावर पाटी घेतलेल्या सावित्रीमावशी आल्या. यांनी विचारलं, "मावशी, इथे सूर्य निघतो का हो?" मावशी पाटी न उतरवता म्हणाल्या, "निगतो ना. दसऱ्याला. तवर बांगडे घ्या."

त्यांनी बांगडे घेतले. घरी शाकाहारी असलेला माणूस. काटा घशात अडकून सरकारी दवाखान्यात जाऊन आला आणि पुढच्या बुधवारी पुन्हा थांबला. गावाने त्याच दिवशी त्यांना आपलं म्हटलं. कोकणात माणसाला स्वीकारायला आम्ही फार कागदपत्रं मागत नाही. कागदपत्रं आम्ही आपापसात मागतो.

सावित्रीमावशी त्या दिवशी सड्यावर काय करत होत्या, असा प्रश्न पडतो का कोणाला? पडणार नाही. गेली तीस वर्षं त्या एसटीने पलीकडच्या थांब्यावर उतरतात, बौद्धवाडीत थोडी मासळी देतात आणि सड्यावरच्या पायवाटेने आपल्या गावात येतात. त्याच वाटेने पलीकडची अकरा मुलं या शाळेत येतात. दर्शना जाधवही त्याच वाटेने आली, पाचवी ते दहावी. आता ती तिथल्या अंगणवाडीची सेविका आहे आणि त्या अकरांपैकी दोन तिची आहेत. त्या वाटेने तुमची गुरं गेली, वऱ्हाडं गेली. मुंबईहून आलेले सखारामभाऊसुद्धा एसटी चुकल्यावर दोन वेळा त्याच वाटेने गेले. आणि तरीही तीन वर्षांपूर्वी असं सिद्ध झालं की सड्यावर वाट नाही.

हे सिद्ध कसं झालं, ते मुंबईकरांपैकी काहींना नीट माहीत नसेल. म्हणजे सही केल्याचं आठवत असेल, कशावर केली ते नसेल. प्रकल्पाला जागा देण्यासाठी सड्याची मोजणी झाली. आपला सडा सामायिक. सातबाऱ्यावर बासष्ट नावं. भावाभावांत बोलणं नाही अशी नावंसुद्धा तिथे एकाखाली एक गुण्यागोविंदाने राहतात. मोजणीदार छत्री लावून खुर्चीवर बसला होता. एकेकाला विचारत होता, तुमच्या हिश्शातून वहिवाटीची वाट जाते का? आणि तोपर्यंत गावभर कळलं होतं की वाट दाखवली, तर वाटेखालची जमीन भाडेपट्ट्यातून वजा होते.

पहिला म्हणाला, वाट आहे, पण ती बाजूच्याच्या हिश्शातून जाते. बाजूचा म्हणाला, छे, पलीकडच्याच्या. असं करत करत ती वाट पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेली आणि शेवटच्या हिश्शावरून कड्याखाली पडली. बासष्ट जबाब झाले. वाट नाही.

शिवा, हसू नकोस. तू त्या दिवशी परळहून व्हिडिओ कॉलवर होतास आणि तुला तर मुंबईत बसूनसुद्धा वाट दिसली नाही.

मी त्या वाटेचा मनात हिशेब केला आहे. वाट माणूसभर रुंद. त्या जागेचे बासष्ट भाग केले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार माणसं पत्ते खेळायला बसतील एवढा कातळ येतो. तोही आता भाडेपट्ट्यात गेल्यामुळे पत्ते खेळता येत नाहीत.

त्या दिवशी सड्यावर एक त्रेसष्टावी व्यक्ती होती. दर्शना. ती म्हणाली, "वाट हाय. मी रोज चालते ना." मोजणीदार सभ्य माणूस, त्याने विचारलं, "बाई, तुम्ही हिस्सेदार आहात का?" ती म्हणाली, "नाय." मग तिचा जबाब घ्यायची रीत नव्हती. तिने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांना अचानक आपापल्या चपलांमध्ये काहीतरी दिसू लागलं होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षं माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेली मुलगी. म्हणाली, "सर, तुम्ही सांगा ना."

सभ्य स्त्री-पुरुषहो, मला गावात विनोदी वक्ता म्हणतात. गणेशोत्सवात माझी भाषणं ठेवतात. त्या दिवशीही मी निराश केलं नाही. मी म्हणालो, "बाई, मी मराठीचा मास्तर. वाटा, नद्या, डोंगर हे भूगोलात येतं."

सडाभर हशा पिकला. माझ्या आयुष्यातला सर्वात यशस्वी विनोद. बासष्ट जबाबांत चौदावा माझा आहे.

सत्कारमूर्ती म्हणत असतील, सत्कार माझा आहे की यांचा? येतो, तुमच्याकडेच येतो.

तर प्रकल्प उभा राहिला. आराखड्यात वाट नव्हती, म्हणून कुंपणालाही फट नव्हती. गेल्या नोव्हेंबरात जाळी पूर्ण झाली आणि पलीकडच्या वीस मिनिटांच्या वाटेला सात किलोमीटरचा वळसा पडला. अकरा मुलं रस्त्याने चालत येऊ लागली. पहिली घंटा चुकायची. दर्शना सुहासरावांकडे गेली. सुहासराव म्हणाले, विषय घेऊ. ती दोनदा ग्रामसभेला आली, दोन्हीदा कोरम नव्हता. गावात हळहळ होती, नाही असं नाही. पारावर बसून आम्ही म्हणायचो, बिचारी पोरं हो, केवढी पायपीट. आणि उन्हाची तिरीप आली की सावलीकडे सरकायचो.

मग एका बुधवारी, तोवर वळसा घालून येणाऱ्या सावित्रीमावशी आल्या नाहीत.

शुक्रवारी आल्या नाहीत. रविवारी आल्या नाहीत. चौकशीला माणूस मिरकरवाड्याला गेला. मुलांची चौकशी करायला आम्हाला पलीकडच्या वाडीपर्यंत जाणं जमलं नव्हतं, पण हा रत्नागिरीपर्यंत गेला. मावशींनी त्याला जे सांगितलं ते व्यासपीठावरून सांगण्यासारखा भाग एवढाच: "मेल्यानू, जाळी तुमी घातलीत, आता सुकी बोंबलं खा. डोक्यावर पाटी घिऊन सात किलोमीटर चालूक मी काय घोडी हाय?"

पुढच्या ग्रामसभेला कोरम होता. बाहेरच्या ओटीवर माणसं उभी होती. अन्याय हा शब्द मी त्या दिवशी अकरा वेळा ऐकला. वाट पिढ्यानपिढ्यांची आहे, असं ओरडून सांगणाऱ्यांत चपलांकडे बघणारे सगळे होते. विनीतरावांना बोलावणं गेलं. ते नकाशा घेऊन आले. म्हणाले, "नकाशात वाट नाही. तुमचेच जबाब आहेत. वाट होती का?"

मोठ्याने ओरडणाऱ्यांनाही बासष्टांतला आपला नंबर आठवला. तेव्हा मागून दर्शना म्हणाली, "व्हती. बघायची असेल तर चला."

आणि हा माणूस उठला आणि चालू लागला. मी मागून गेलो, हे मला धाडस म्हणून सांगायचं नाही, माझी सायकल त्या बाजूला होती. कुंपणाच्या आत जाऊन तिने पॅनेलच्या ओळींमधून त्याला कातळ दाखवला. सगळा सडा काळा, खरखरीत, पाय सोलून काढणारा. त्यातून एक पट्टा गेला होता, फिकट आणि गुळगुळीत, मधोमध जरासा खोल. अनवाणी टाचांनी झिजलेला जांभा दगड. विनीतराव उकिडवे बसले, त्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "हे किती वर्षांचं असेल?" दर्शना म्हणाली, "माजी आजी चालायची, तवा बी असाच व्हता."

कातळाचा जबाब घ्यायची रीत नाही, म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं.

पंधरा दिवसांत विनीतरावांनी आड येणारी पॅनेलं काढली, वाटेच्या दोन्ही बाजूंना जाळी घेतली आणि दोन्ही टोकांना फाटकं बसवली. बुधवारी मासळी आली. आम्ही जेवलो आणि विषय संपला असं समजलो. तिकडे कंपनीचं पत्र आलं होतं: मंजूर आराखड्याबाहेर काम केल्याचा खुलासा करावा. त्यांनी एका ओळीत केला. येथे पूर्वीपासून वाट आहे. कंपनीने पुरावा मागितला. त्यांनी कातळाचा फोटो पाठवला. कंपनीने उलट टपाली बासष्ट जबाबांच्या प्रती पाठवल्या, आणि सोबत बदलीचा हुकूम. आता ते राजस्थानच्या वाळवंटात जात आहेत, जिथे वाट कुठूनही काढता येते आणि विचारणारं कोणी नसतं.

कंपनीच्या त्या पत्रात आणखी एक परिच्छेद आहे. सुहासरावांनी तो वाचला आहे, घडी करून खिशात ठेवला आहे, आणि आत्ता ते पंख्याकडे बघत आहेत. सर्व हिस्सेदारांनी आपला आधीचा जबाब चुकीचा होता असं लेखी द्यावं. दिलं तर फाटकं राहतील आणि वाटेखालची जमीन भाडेपट्ट्यातून वजा होईल. एक जण जरी राहिला, तर एक जूनपासून फाटकांना कुलूप. शाळा पंधरा जूनला उघडते. पावसात सात किलोमीटर म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. मी भूगोलाचा नाही.

आता मानपत्राकडे वळतो. ते लिहिण्याचं काम समितीने माझ्यावर सोपवलं. मी दोन पानं लिहिली होती. सूर्यपुत्र, तेजोनिधी, सगळं होतं. विनीतरावांना वाचून दाखवायला गेलो. ते खोके बांधत होते. निम्म्यावर त्यांनी थांबवलं. म्हणाले, "सर, इतकं नको. वाट आहे, एवढंच लिहा. आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या."

मी तसंच लिहिलं आहे. मानपत्र दोन शब्दांचं आहे, कंपनीला पाठवायचा नवा जबाब त्याच्याखाली आहे, आणि त्याखाली बासष्ट ओळी मोकळ्या आहेत.

समारंभ मेमध्ये का, रविवारीच का, आणि प्रत्येक मुंबईकराला फोन करून जेवायला थांबायचा आग्रह का, असं सखारामभाऊंनी मला दोनदा विचारलं. भाऊ, मी दोन्हीदा उन्हाळी सुट्टीचं कारण दिलं. माफ करा. कारण असं आहे की बासष्टच्या बासष्ट जण एका छपराखाली एकतर मेमध्ये असतात, नाहीतर गणपतीत. आणि गणपतीपर्यंत कुलूप थांबत नाही. मी आत्ता मोजले. सगळे आहेत. चार वर्षं न बोलणारे दोन भाऊसुद्धा एकाच बाकावर, मध्ये खांब घेऊन, बसले आहेत.

जेवणाची व्यवस्था मागच्या वर्गात आहे. तिथे जायला एकच दार. दाराशी एक टेबल आहे आणि टेबलाशी दर्शना बसली आहे. तिच्यापुढे तो कागद आहे. ती कोणाला काही म्हणणार नाही. ती एकदा म्हणाली होती, तेवढं पुरे आहे. टेबलापलीकडे सावित्रीमावशी पाट्या उघडणार आहेत, आणि त्यांनी मला सकाळीच सांगितलंय: "मास्तर, वाट नसंल तर मी इलेच नाय. आणि मी इलेच नाय, तर बांगडे कुठसून येनार?"

विनीतराव, तीन वर्षं तुम्ही आमच्यात राहिलात, आमचा पाऊस सोसलात, आमचं गोड बोलणं सोसलंत. गावातर्फे तुमचे आभार. व्यासपीठावरच्या मान्यवरांचे, जनरेटरवाल्याचे, खुर्च्या देणाऱ्या मंडळाचे आणि इतका वेळ भूक दाबून बसलेल्या आपणा सर्वांचे आभार.

बोलण्याच्या ओघात काही अधिक-उणं झालं असेल, कोणाला लागलं असेल, तर सभेने पोटात घालावं. तीन वर्षांपूर्वी सड्यावर जे बोललो ते मात्र घालू नये. ती चूक माफ करणं सभेच्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे त्या दाराशी बसल्या आहेत, आणि त्यांनी करावीच असाही माझा आग्रह नाही.

सखारामभाऊ, आपल्या परवानगीने मी खाली उतरतो. दर्शना, पेन दे. पहिली ओळ माझी. वाट आहे. हे मराठीचं वाक्य आहे बाई, एवढं मला यायला हवं होतं.