अठ्ठावन्नाव्या क्रमांकाची निवड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ‘टोलेडो हेरन्स’ संघाचे मालक श्री. ऑगस्ट राइनहार्ट, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती डेल्फीन कुबियाकबाई, आणि वरच्या रांगांत बसून जन्मभर घसा कोरडा करत आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

चाहता मंडळाचा अध्यक्ष म्हणून निरोपाचे चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं. बाईंनी बावीस वर्षं ड्राफ्टमध्ये आपल्या बास्केटबॉल संघासाठी नवे खेळाडू निवडले. आपण बावीस वर्षं त्या निवडी चुकीच्या ठरवल्या. दोन्ही कामं निष्ठेनं झाली. हसू नका, मिल्टन. तुम्ही तर नाव जाहीर होण्याआधीच नावं ठेवायचात.

ओरिन टॅलबट आठवतो? बाईंनी त्याला घेतलं तेव्हा याच सभागृहात मिल्टन म्हणाले होते, “हा खेळाडू आहे की कपडे वाळत घालायची काठी?” पुढे त्यानं आपल्याला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. तेव्हा कळलं, की तो आपल्या प्रत्येकाला पहिल्यापासूनच पसंत होता.

एक निवड मात्र आपण बाईंना कधीच माफ केली नाही. ग्रेडी फॉन्टेन. नऊ वर्षांपूर्वीची, अठ्ठावन्नाव्या क्रमांकाची. चार सामने, सहा गुण, आणि स्वारी घरी. ज्या ॲबरनॅथीला सोडून त्याला घेतलं, तो आज दुसऱ्या संघाचा कर्णधार आहे. ‘कुबियाकबाई, चष्मा बदला’ असा फलक तेव्हापासून दर सामन्याला कोण धरतं? मी.

आता जे सांगतो ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. त्या ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यात मी ‘निवडीआधी चाहत्यांना विचारा’ असं तीन हजार सह्यांचं निवेदन घेऊन बाईंच्या कचेरीत गेलो. बाई सूप पीत होत्या. त्यांनी निवेदन शेवटपर्यंत वाचलं.

“बसा, नॉर्बर्ट. शेवटच्या निवडीसाठी दोघं उरलेत. मला त्यांच्यात डावंउजवं करता येत नाही. तुम्ही सांगा.”

“मी?”

“तेरा वर्षं सांगताय ना, की तुम्हाला कळतं.”

दोघांच्या चित्रफिती मी दोनदा पाहिल्या. शेवटी म्हणालो, “फॉन्टेन. उडी काय मारतो.”

“ॲबरनॅथी पास चांगले देतो.”

“पास बघायला कोण येतं, बाई?”

त्यांनी नाव लिहून घेतलं.

फॉन्टेन फसला तेव्हा वाटलं, आता बाई वर्तमानपत्रात माझं नाव सांगणार. आठवडा गेला, महिना गेला, नाव आलं नाही. मग मला धीर आला आणि मी फलक रंगवला. माणसाला इतका धीर येऊ नये.

अध्यक्षमहाराज, आपण बाईंना पत्रकारांसमोर जाब विचारलात. त्या एवढंच म्हणाल्या, “निवड माझी होती.” आपण त्यांचे मदतनीस काढून घेतलेत. दोन हिवाळे ही बाई एकटी गाडी हाकत गावोगावचे सामने बघत हिंडली. आणि मी तिसऱ्या रांगेतून हुर्यो उडवत होतो.

परवा मंगळवारी धाडस करून विचारलं, “बाई, माझं नाव का नाही सांगितलंत?”

म्हणाल्या, “सांगितलं असतं तर लोकांनी तुमच्या मुलीच्या दुकानाच्या काचा फोडल्या असत्या. त्या लोकांना मी ओळखते. तुम्ही त्यांचे अध्यक्ष आहात.”

मिल्टन, खाली बसा. मला ज्या शिव्या द्यायच्यात त्या बाहेर जिन्यावर द्या.

आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि सकाळपासून पिएरोगीच्या करंज्या वळणाऱ्या भगिनींचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर श्रोत्यांनी पोटात घालावं. नऊ वर्षांत जे झालं त्याची माफी मात्र मी एकट्या बाईंकडे मागतो आणि त्यांची हरकत नसेल, तर ती अशीच, सर्वांच्या देखत.