हेडमास्तरांचं 'किंचित'

आजच्या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आप्पासाहेब, सत्कारमूर्ती हेडमास्तर विष्णुपंत, शाळा कमिटीचे सभासद, शिक्षकवृंद, समस्त देवळालीकर, आणि सतरंजीच्या पलीकडं बसलेल्या माता-भगिनींनो! चिटणीस मला म्हणाले, "कारभारी, तुम्ही कमिटीचे मेंबर, दोन शब्द बोला." मी म्हटलं, दोन कशाला? आपल्या हेडमास्तरांना एकच शब्द पुरे आहे. किंचित!

हसू नका पोरांनो. तुमच्यातल्या कितीजणांनी तो शब्द तळहातावर झेललाय, ठाऊक आहे मला. "आज मी किंचित रागावलो आहे," असं हे म्हणायचे आणि संध्याकाळपर्यंत पोरांना पेन्सिल धरता यायची नाही.

आता किंचित म्हणजे काय हो? म्हणजे अगदी थोडं, असून नसल्यासारखं. आमच्या रानातल्या बोलीत त्याला 'उलीसं' म्हणतात. हा झाला लोकांचा अर्थ. हेडमास्तरांचा निराळाच. ती वडाकडची भिंत आठवते? कमिटीच्या बैठकीत हे म्हणाले, "भिंत किंचित कलली आहे." आम्ही म्हटलं, किंचितच ना, मग चहा मागवा. पुढच्या आठवड्यात भिंत शेजारच्या कांद्यात आडवी! रविवार होता म्हणून निभावलं. हे "किंचित बोलतो" म्हणून उभे राहिले, की बायका घरी जाऊन भाकरी थापून परत यायच्या, तरी यांची प्रस्तावनाच चाललेली असायची. होता होता सगळं गाव शहाणं झालं. मी तेवढा राहिलो.

त्याचं असं झालं, माझी थोरली चांगुणा सातवी पास झाली. पोरीच्या जातीला एवढं बास, असं घरात ठरलं. स्थळंही यायला लागली होती. तर हे आमच्या गुऱ्हाळावर हजर. रस प्याले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "कारभारी, पोरीला शाळेतून काढताय म्हणे. किंचित थांबा." मी म्हटलं, थांबू की, दिवाळीपर्यंत. दिवाळी गेली, आठवी गेली. नववीला यांनी मला बांधावर गाठलं. पुढच्या खेपेला भर लग्नात, हातात जिलबीचं ताट असताना. अकरावीच्या साली बांगलादेशची लढाई चाललेली, सगळं गाव रेडिओला चिकटलेलं, आणि हे माझ्या कानाशी, "कारभारी, आता किंचितच राहिलंय हो!"

भावकीनं काय कमी बोलून घेतलं? "पोरगी उजवायची हाय, का हेडमास्तरीन करायची हाय?" आणि आमची साळूबाई, चांगुणाची आई, ती काय बसलीय बघा, ती तर रोज म्हणायची, "मास्तरांचं किंचित सरंना, आन पोरीची उंची थांबंना!"

तर ती पोर परवा अकरावी, म्हणजे मॅट्रिक, पास झाली. शाळेत पहिली आली. आता म्हणते, "आबा, मला नगरला कॉलेजात जायचंय." मी ओळखलं, आता हे येणार. या खेपेला ऐकायचं नाही, असं पक्कं करून मी ओट्यावर बसलो. आज येतील, उद्या येतील. गडी फिरकलाच नाही! शेवटी मीच गेलो. हे वळकटी बांधत होते. म्हटलं, "मास्तर, किंचित थांबा म्हणायला आला न्हाई?" तर म्हणाले, "कारभारी, इथं ती माझ्या डोळ्यांसमोर होती. तिकडं काही बरंवाईट झालं तर भोगायचं तिनं. कुठल्या तोंडानं मागू? तुम्ही ठरवा." अहो, इतकी वर्षं माझ्या मागं हात धुऊन लागलेला माणूस आणि नेमका आता गप्प! मला असा संताप आला म्हणता.

बरं, अध्यक्षांचेही आभार मानायला पाहिजेत. आप्पासाहेब आज सकाळी आमच्या घरी पोहे खायला आले. त्यांच्या मुलासाठी चांगुणाला बघून गेले. एवढे मोठे बागायतदार, आमचं भाग्यच म्हणायचं. म्हणाले, "पोरगी पसंत हाय, कारभारी. शिक्षन उलीसं जास्त झालंय, पन त्येचं काय, दोन म्हशी मागं लावल्या की इसरून जाईल." सगळे हसले. मीपण हसलो. मुलीचा बाप, हसावं लागतं. चांगुणा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. ती हसली नाही. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. आता तुम्हाला सगळ्यांना सांगतो, पोरीला 'विसर' म्हणून सांगणं माझ्यानं होणार न्हाई. लई जीव हाय माझा तिच्यावर.

साळूबाई, उठू नको. बस खाली. तुला आधी सांगायला पाहिजे होतं, पण माझंच आत्ता ठरतंय.

हेडमास्तर, तुम्ही मागितलं नाही, म्हणून न मागता देतोय. चांगुणा सोमवारी नगरला जाईल, कॉलेजात नाव घालायला. सोबत मी जातोय. तुम्ही आम्हाला फसवून फसवून इथवर आणलंत, त्याबद्दल हे गाव तुमचं ऋणी आहे. डोळे पुसा आता, पोरं बघताहेत.

आणि आप्पासाहेब, ही सोयरीक होणार नाही. हे तुमच्यासमोर घरीच बोलायला पाहिजे होतं. पण घरी मी हसलो होतो.

तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, उपकार आहेत. बोलता बोलता कुणाच्या मानाला धक्का लागला असेल, तर रांगडा माणूस म्हणून पोटात घाला. यानंतर अध्यक्षांचं भाषण आहे. या आप्पासाहेब, माईक चालू आहे.