ताईची शेवटची बशी

नाही हो भावोजी, दुखत नाही त्यांना. पेशी आहेत त्या, त्यांना कुठलं आलंय दुखणं—आणि ताईच्या असल्या म्हणून ताई नव्हेत, तिसऱ्यांदा सांगतेय. बसा ना. नाही बसायचं? बरं, मग त्या टेबलाला तरी टेकू नका. भिंतीवरचा हा तक्ता बघा—हो, तेच ते जाळं. कॅन्सरच्या गाठीचा तुकडा संशोधनाला द्यायचा म्हणून ताई आली होती ना इथे सही करायला, तर म्हणाली, केवढी जळमटं गं ही, झाडू आण आधी! अंगात त्राण नाही, पण जिभेला हाड कुठे होतं तिच्या. तर एकेक ठिपका म्हणजे पेशीतलं एकेक प्रथिन, आणि रेघ म्हणजे कोण कोणाचा हात धरतं. कसं कळतं? गळ टाकायचा. एकाला पकडून ओढायचं, आणि बघायचं कोण कोण चिकटून वर येतं. निरोप असेच हातोहात जातात—वाढा, नाहीतर थांबा. ताईच्या पेशींत ‘थांबा’ निघत होतं, पण पोचत नव्हतं. ही लाल रेघ, इथे अडायचं. मधल्याचा हात भलत्यानंच धरून ठेवलेला. सापडला तो. हो, सापडला—आणि हात सोडवणारं औषधही निघालं, दुसऱ्याच आजारावरचं, साधं. त्या तुकड्यातल्या पेशी काचेच्या बशांत वाढवल्या होत्या, त्यातल्या एका बशीत घातलं. थांबल्या वाढायच्या.

कधी म्हणजे? झाला महिना. असं बघू नका माझ्याकडे, ताई होती तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आनंद? झाला असेल. मला हल्ली काही वाटतच नाही, खरं सांगते. पेपर पाठवला, सरांनी पाठ थोपटली, मी घरी जाऊन कपडे वाळत घातले.

मग अजून कशाला ठेवल्यात? कामासाठी, दुसरं काय—म्हणजे काम तसं संपलंय. ‘आता तिला मोकळं करा’ असा तुमचा निरोप आला, त्याच दिवशी फ्रीझरमधल्या तिच्या पेशींच्या कुप्या टाकल्या मी. सगळ्या. ही एकच बशी राहिली, या उबेच्या कपाटात. उघडा, घाला हात आत—अंगाइतकी ऊब आहे ना? सुट्टीच्या दिवशीही येते मी, खाऊ घालते. खाऊ म्हणजे ते गुलाबी पाणी हो. आई कामावर असायची तेव्हा ताईच मला भरवायची, म्हणून—छे, तसं काही नाही. वेळ जातो.

ही घ्या बाटली. ब्लीच आहे, फरशी पुसायचंच. ओता तुम्ही, हक्क तुमचा. थोडंसं पुरे. ओता ना. एवढ्या लांबून त्यासाठीच आलात की नाही?

भावोजी?

बरं, राहू द्या. ठेवा ती बाटली खाली. जा तुम्ही, गाडी चुकेल. आणि ते कपाट लावा आधी. ऊब जातेय.