ओव्हरसियरने वेचलेली हाडं

तळोद्याचा रस्ता रुंद करताना मी मातीच्या टोपल्या वाहायला होते, तेव्हाचं सांगते. जुन्या कबरस्तानाची कड खणली आणि एक कबर उघडी पडली. ओव्हरसियर एवढा खूश, की स्वतःच वाकून हाडं वेचून खोक्यात भरायला लागला. म्हणे, "पाचशे वर्षांची आहेत. मुंबईच्या साहेबाला पाठवतो."

माझ्या जोडीची अमीनाबी रडकुंडीला आली. तिचे वाडवडील तिथेच पुरलेले.

मी टोपली आपटली. "रावसाहेब, तुमनी पोरनं लगीन कधी शे?"

"सोमवारी. का गं?"

"मेलेल्यानी हाडं त्याना पोऱ्याच, पोटना लेकच येचस. तुम्ही येच्यात. आते दहा दिन सुतक धरा, मिशा काढा."

"अगं, तो मेला पाचशे वर्षांपूर्वी!"

"तुमले आज समजनं ना? समजनं तव्हापासून सुतक."

बाकीच्या बाया लगेच त्याच्यापासून चार पावलं मागे सरकल्या. त्याने मिशीवर हात ठेवला. मग हाडं होती तशी कबरीत ठेवली, माती लोटली आणि रस्त्याच्या आखणीची दोरी दहा हात बाजूला ओढली.

अमीनाबी डोळे पुसत म्हणाली, "मन्हा बुजुर्गले मरीसन आखो एक पोऱ्या भेटना, अन् तोबी मिशावाला!"